उजव्या बाजूला दाढी येत नाही

आमचा न्हावी म्हणतो, तुमच्याकडून अर्धेच पैसे घ्यायला पाहिजेत. उजव्या जबड्याखाली २०११ पासून एक केस उगवलेला नाही. एसटीत कंडक्टर होतो. फेरी संपली की तंबाखू-चुना ठरलेला. गालात कॅन्सरची गाठ झाली, ऑपरेशन झालं आणि वर तीस शेक. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी तोंडावर दाबून बसवतात. ती कडक झाली की टेबलाला अडकवून टाकतात, मान तसूभर हलत नाही. सहा आठवडे, रविवार-शनिवार सुट्टी.

मागच्या श्रावणात पेपर वाचताना उजव्या डोळ्यावर दुकानाचं शटर ओढावं तसं वरून काळं उतरलं. पाच मिनिटांत परत उघडलं. मी चष्म्याच्या दुकानात गेलो, हे माझं शहाणपण! चार दिवसांनी डाव्या हातातून चहाची बशी सुटली. मी तुकडे गोळा करायला वाकलो, तर बायको ओरडली, "अहो, हात बघा तुमचा!" हात लुळा लोंबत होता. तासाभरात ठीक झाला, पण तोवर तिनं रिक्षा बोलावली होती.

मानेची डॉपलर सोनोग्राफी झाली. गार जेली, त्यावर फिरणारं यंत्र. डावीकडं धप्‌ धप्‌ असा सरळ आवाज. उजवीकडं कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा. मेंदूकडं जाणारी शीर ८० टक्के बंद. उरलेल्या फटीतून रक्त जोरात धावतं, म्हणून तो फुसफुसाट.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. शेकानं शिरेचं आतलं गुळगुळीत अस्तर दुखावतं, मग तिथं चरबी धरते, भिंत जाड होत जाते. भिंतीला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक शिराही मरतात. हे सगळं सावकाश, वर्षानुवर्षं चालतं. मान उघडायला त्या तयार नव्हत्या. शेकलेली कातडी आत चिकटून बसलेली, जखम भरेल याचा भरवसा नाही. जांघेतून तार घालून स्टेंट बसवला. आता रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक.

इतकी वर्षं मी न चुकता तपासणीला गेलो. तोंडात टॉर्च, मानेवर बोटं, "गाठ नाही, छान." त्याच बोटांखाली शीर आवळत चालली होती. डॉपलर एकदाही कुणी लिहून दिली नाही. राग येतो. शेक दिला नसता तर आज राग यायलाही मी उरलो नसतो, हेही तितकंच खरं.

शेकाच्या रांगेत तेव्हा माझ्यापुढं बसणाऱ्या सोबत्याला परवा फोन केला. म्हटलं, मानेची डॉपलर करून घे.

"गाठ नाही म्हणालेत की मला. कशाला उगाच?"

"जबड्याखाली दाढी येते का रे तुझी?"

जरा वेळ फोनवर नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाला, "कुठं करतात ती?"