आईच्या नाडीचा ताल

आईची नाडी बिघडल्याचे प्रथम जाणवले ते घरी रक्तदाब मोजताना. यंत्राने लागोपाठ तीन वेगळे आकडे दाखवले, म्हणून मी तिच्या मनगटावर बोटे ठेवली, तर दोन ठोके घाईने येत, तिसरा रेंगाळे आणि पुढचा केव्हा येईल याचा अदमासच लागत नसे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काढलेला ईसीजी मात्र निर्दोष निघाला. चोवीस तास छातीला होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे छोटे यंत्र, लावल्यावर निदान झाले, ते अधूनमधून उद्भवणाऱ्या एट्रिअल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या विस्कळीत थरथरीचे.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील, म्हणजे वरच्या कप्प्यातील, सायनस गाठ विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 60 ते 100 विद्युतस्पंद निर्माण करते. प्रत्येक स्पंद दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंदे आणि निलये यांना जोडणाऱ्या एव्ही गाठीपाशी सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थबकतो आणि मग निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, झपाट्याने उतरतो. ही एव्ही गाठ सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना शोधली आणि 1906 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तो क्षणभराचा थांबा मला फार विलक्षण वाटतो, कारण तेवढ्या अवधीत अलिंदे आपले उरलेले रक्त निलयांत ढकलून मोकळी होतात.

आईची नाडी बिघडे तेव्हा तिच्या अलिंदांत मिनिटाला 350 हून अधिक विस्कळीत स्पंद उठत असणार. एव्ही गाठ त्यांतले थोडेच पुढे सोडते, तेही अनियमितपणे, आणि अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात. खरा धोका येथे आहे: डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पिशवीत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

तिला लहानपणी सांधे सुजवणारा संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्याने आकसलेली मायट्रल झडप (डाव्या अलिंद-निलयामधली) इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसली, म्हणून डॉक्टरांनी वॉरफरिन निवडले. अशा रुग्णांमध्ये ते एका नव्या गोळीपेक्षा सरस असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले आहे. आपण या औषधाला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो, पण रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. मेथी-पालकातील के जीवनसत्त्व त्याच्या विरुद्ध काम करते, त्यामुळे पालेभाजी बंद न करता तिचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे, हे आईला पटवायला बराच वेळ लागला. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा, 2 ते 3 या दरम्यान राहायला हवा. या मंगळवारी तो 2.4 आला.