गिट स्टेटस रखडतं तेव्हा आधी काय मोजायचं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं टूल. त्यातली रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) चार-पाच वर्षांची झाली की तक्रारी ठरलेल्या असतात. काय बदललंय ते दाखवणाऱ्या गिट स्टेटसला वेळ लागतो, एका फाइलचा इतिहास काढायला घेतला की स्क्रीन थिजते, आणि सकाळी सगळ्यांनी एकदम फेच केलं (सर्व्हरवरचे नवे बदल आणले) की ऑफिसची लाइन बसते. इंदूरला विजयनगरमध्ये किंवा खंडवा रोडच्या क्रिस्टल आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. नेटवर सापडलेल्या दहा सेटिंग्ज एकदम चिकटवू नका. तीन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यांचे कॅशेही (पुन्हा शोधावी लागू नये म्हणून साठवलेली माहिती) वेगळे आहेत, आणि प्रत्येक कॅशे कशाच्या भरवशावर चालतो हे माहीत नसेल तर तो बिनकामाचा ठरतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. गिट_ट्रेस२_पर्फ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ देऊन गिट स्टेटस चालवा. टर्मिनलवर बऱ्याच ओळी येतील, त्यात दोनच शोधायच्या: इंडेक्सखालची 'रिफ्रेश' आणि स्टेटसखालची 'अनट्रॅक्ड' (गिटमध्ये न नोंदलेल्या फाइलींचा शोध). कमांड लागोपाठ दोनदा चालवा, कारण पहिल्या वेळी डिस्कवरून वाचण्याचा वेळही त्यात मिसळलेला असतो.

रिफ्रेशला वेळ जात असेल तर इंडेक्स फाइल कसं काम करते ते बघायला हवं. ट्रॅक केलेल्या प्रत्येक फाइलचा आकार, बदलाची वेळ, आयनोड नंबर (डिस्कवरचा फाइलचा क्रमांक) वगैरे माहिती त्यात हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या) शेजारी नोंदलेली असते. स्टेटसच्या वेळी गिट प्रत्येक फाइलसाठी एलस्टॅट हा सिस्टिम कॉल करतं (ऑपरेटिंग सिस्टिमला ही माहिती विचारतं) आणि नोंद जुळली की फाइल उघडतही नाही. म्हणजे ५० हजार फाइली असतील तर ५० हजार कॉल. लिनक्सच्या स्थानिक डिस्कवर हे पटकन उरकतं, विंडोजवर जड जातं, आणि नेटवर्क ड्राइव्हवर तर त्यासाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटे पडतात. काही ऑफिसांत वर्किंग कॉपीच (ज्यात काम करतो ते फोल्डर) शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे सेटिंग शोधत बसू नका, क्लोन (रेपॉझिटरीची आपली प्रत) आपल्या एसएसडीवर आणा. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनीही कोड सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा.

खरी गंमत नोंद जुळत नाही तेव्हा आहे. मजकूर तोच असला तरी गिटला फाइल उघडून हॅश काढावाच लागतो. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) वर्किंग कॉपी टार करून (एका फाइलीत बांधून) ठेवली आणि पुढच्या रनला सोडवली, की आयनोड आणि सीटाइम (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बदललेले असतात, त्यामुळे सगळ्या फाइली नव्याने वाचल्या जातात. एरवी स्टेटस ताज्या नोंदी इंडेक्समध्ये परत लिहितं आणि दुसऱ्यांदा काम झटपट होतं. पण कंटेनरमध्ये फोल्डर रीड-ओन्ली माउंट केलं असेल तर लिहिणं जमत नाही आणि दरवेळी तोच खर्च पडतो. अशा ठिकाणी कोअर.ट्रस्टसीटाइम फॉल्स आणि कोअर.चेकस्टॅट मिनिमल करा. मग गिट आकार आणि बदलाच्या वेळेतले पूर्ण सेकंद एवढंच बघतं. याची किंमतही आहे. एखाद्या टूलने फाइल बदलून आकार आणि वेळ जशीच्या तशी राखली, तर तो बदल गिटच्या नजरेतून सुटेल. म्हणून हे सीआयपुरतंच ठेवावं, रोजच्या कामाच्या मशीनवर नको, असं माझं ठाम मत आहे.

अनट्रॅक्डची ओळ मोठी असेल तर सगळी फोल्डरं चाळण्यात वेळ जातोय. आधी गिटइग्नोर तपासा. नोड_मॉड्युल्स किंवा बिल्डचं अख्खं फोल्डर वगळलं असेल तर गिट त्यात शिरत नाही. आतल्या फाइली एक्स्टेन्शनवरून वगळल्या असतील तर ते सगळं झाड फिरून येतं. त्यानंतर कोअर.अनट्रॅक्डकॅशे ट्रू करा. हा कॅशे फोल्डरच्या बदलाच्या वेळेवर विसंबतो, आणि सगळ्या फाइलसिस्टिम ती वेळ नीट पाळत नाहीत. म्हणून चालू करण्याआधी गिट अपडेट-इंडेक्सला --टेस्ट-अनट्रॅक्ड-कॅशे देऊन चाचणी घ्या. चाचणी काही सेकंद थांबत थांबत चालते, मध्येच तोडू नका.

विंडोज आणि मॅकवर याच्या पुढची पायरी आहे. गिट २.३७ पासून कोअर.एफएसमॉनिटर ट्रू केलं की एक डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) ऑपरेटिंग सिस्टिमकडून बदलांची खबर घेत राहतो आणि स्टेटस फक्त बदललेल्या फाइली तपासतं. डेमन सुरू झाल्यावरचं पहिलं स्टेटस पूर्ण तपासणी करतं, त्यामुळे पहिल्याच रनवरून निकाल देऊ नका. लिनक्सवर वॉचमनचा (फाइलींवर नजर ठेवणाऱ्या टूलचा) हुक लावून हेच साधता येतं.

इतिहासाचा कॅशे मात्र वेगळ्या जातीचा आहे. वर्किंग कॉपीतली फाइल केव्हाही बदलू शकते, म्हणून इंडेक्सला पुरावे तपासावे लागतात. कमिट (इतिहासात नोंदवलेला बदल) कधीच बदलत नाही, त्यामुळे कमिट-ग्राफ (कमिटांच्या नात्यांची तयार फाइल) शिळा झाला तरी खोटा होत नाही. नवे कमिट त्यात नसतात इतकंच. तो नसेल तर एकेका कमिटचे पालक (त्याच्या लगेच आधीचे कमिट) शोधायला ऑब्जेक्ट उलगडून वाचावा लागतो. ग्राफमध्ये पालक, तारीख आणि जनरेशन नंबर तयार असतात, आणि या नंबरमुळे कुठल्या वाटेने पुढे जाण्यात अर्थ नाही ते लगेच कळतं. गिट कमिट-ग्राफ राइट --रीचेबल --चेंज्ड-पाथ्स ही कमांड एकदा चालवा आणि फेच.राइटकमिटग्राफ ट्रू करून ठेवा. चेंज्ड-पाथ्समुळे प्रत्येक कमिटसाठी ब्लूम फिल्टर बनतो. 'या कमिटने ही फाइल बदलली का?' याला तो 'नक्की नाही' किंवा 'कदाचित' असं उत्तर देतो, आणि 'नक्की नाही' आलं की दोन ट्रींची (फोल्डरांच्या याद्यांची) तुलना टळते. एका कमिटमध्ये ५१२ पेक्षा जास्त बदल असतील तर मूळ मर्यादेनुसार त्याचा फिल्टर ठेवला जात नाही. अख्खी थर्ड-पार्टी लायब्ररी वारंवार कमिट करणाऱ्यांना फायदा कमी दिसतो तो यामुळे. शॅलो क्लोनमध्ये (फक्त अलीकडचा इतिहास असलेल्या प्रतीत) कमिट-ग्राफ वापरलाच जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

गिट जीसी --अॅग्रेसिव्हच्या (जोरदार साफसफाईच्या कमांडच्या) नादी लागू नका. ते आधीचे डेल्टा (साठवलेले फरक) टाकून सगळं नव्याने मोजतं, मशीन बराच वेळ अडकतं आणि रोजच्या वापरात फरक क्वचितच जाणवतो. त्यापेक्षा गिट मेंटेनन्स स्टार्ट करा. कमिट-ग्राफ आणि प्रीफेच (बदल आधीच आणून ठेवणं) तासाला होतात, सुटे ऑब्जेक्ट रोज पॅकमध्ये जातात. प्रीफेच केलेलं वेगळ्या रेफ्समध्ये (कमिटांच्या नावांमध्ये) राहतं, ओरिजिनच्या (मूळ सर्व्हरच्या) ब्रँच हलत नाहीत. सकाळच्या फेचला मग थोडंच आणायचं उरतं. एसएसएच कीला पासफ्रेज असेल आणि बॅकग्राउंड जॉबला एजंट (की उघडून धरणारा प्रोग्रॅम) सापडत नसेल, तर प्रीफेच गुपचूप फसतं. तेवढं तपासा.

नव्या माणसासाठी किंवा सीआय मशीनसाठी ऑफिसातच एक मिरर (मूळ रेपॉझिटरीची हुबेहूब प्रत) ठेवावा: गिट क्लोन --मिरर, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) दर १० मिनिटांनी फेच. क्लोन मिररवरून करायचा आणि लगेच रिमोट सेट-यूआरएलने ओरिजिन मूळ सर्व्हरकडे वळवायचा. फेच मिररकडून आणि पुश (आपले बदल पाठवणं) मूळ सर्व्हरला अशी कायमची जोडणी केलीत, तर पुशनंतर लगेच फेच केल्यावर ओरिजिनची ब्रँच मागे सरकलेली दिसेल, कारण मिरर अजून जुनाच असतो. सीआय त्याच मशीनवर असेल तर --रेफरन्स वापरा, पण सोबत --डिसोसिएट द्या. नाहीतर क्लोन मिररचे ऑब्जेक्ट उसने वापरतो, कुणी फोर्स-पुश (जुना इतिहास बदलून पाठवणं) केल्यावर मिररचं जीसी जुने ऑब्जेक्ट पुसतं, आणि क्लोन मोडतो.

--फिल्टर=ब्लॉब:नन ने केलेला पार्शल क्लोन (जुने ब्लॉब, म्हणजे फाइलींचा मजकूर, सुरुवातीला न आणणारा) मोठ्या रेपॉझिटरीसाठी उत्तम. फक्त त्यात जुन्या फाइलवर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) मारलं की मागचे ब्लॉब गरजेप्रमाणे सर्व्हरवरून येत राहतात. पावसाळ्यात लाइट गेली आणि राउटर बंद पडला की ब्लेम तिथेच अडतं. घरून काम करणाऱ्यांनी डिस्कवर जागा असेल तर पूर्ण क्लोनच ठेवावा, आणि --डेप्थ १ (फक्त शेवटचा कमिट आणणारा क्लोन) फक्त वापरून टाकून द्यायच्या सीआय रनसाठी.