ॲबिलीनचं आयझेनहॉवर म्युझियम: आरव्हीने जाणाऱ्यांसाठी

कॅन्सस सिटीहून आय-७० महामार्गाने डेन्व्हरकडे निघालेले बहुतेक आरव्हीवाले (राहण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरणारे) कॅन्सस राज्य एका दमात ओलांडायच्या घाईत असतात. साधारण १५० मैलांवर ॲबिलीन येतं. तिथे न थांबणं म्हणजे ज्यांनी हा रस्ता दिला, त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या दारावरून तसंच पुढे जाणं.

१९१९ मध्ये तरुण लष्करी अधिकारी आयझेनहॉवर लष्करी ट्रकांच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. पोचायला ६२ दिवस लागले. ट्रक चिखलात रुतत, वजनाने लाकडी पूल मोडत. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनीचे ऑटोबान, म्हणजे रुंद वेगवान महामार्ग, पाहिले आणि राष्ट्राध्यक्ष असताना १९५६ च्या महामार्ग कायद्यावर सही केली. त्यातून ४१,००० मैलांच्या इंटरस्टेटची, म्हणजे आय-७० सारख्या राज्यांना जोडणाऱ्या महामार्गांची, योजना मार्गी लागली.

एक्झिट २७५ घेऊन बकाय ॲव्हेन्यूने दक्षिणेला या. गावातला रेल्वेचा रूळ ओलांडला की म्युझियमचं आवार येतं. मोठ्या गाडीला कडेची, बाहेर पडायला सरळ वाट असलेली जागा बघा. क्लास सी (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम आकाराच्या) आरव्हीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे येतो. वळताना पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे फिरतं आणि शेजारच्या गाडीला किंवा खांबाला घासतं. म्हणून आधी गाडी सरळ पुढे काढा, मगच स्टिअरिंग वळवा. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर जागा सपाट हवी. गाडी तिरकी राहिली तर त्यातलं अमोनियाचं द्रावण नीट फिरत नाही, फ्रिज थंड होत नाही आणि कायमचा बिघडूही शकतो. कॅन्ससचा वारा फार जोराचा. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छत) उघडं टाकून आत जाऊ नका.

नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. ही जागा राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहे, पार्क सर्व्हिसच्या नाही. तिकीट वेगळं काढावं लागतं. खिशातला चाकू गाडीतच ठेवा.

निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि सुरुवात आवारातल्या आयझेनहॉवरांच्या लहानपणीच्या घरापासून करा. त्यांची कागदपत्रं जपणारी लायब्ररी आणि म्युझियम इथे आहे ते या घरामुळे. हे कुटुंब १८९८ मध्ये इथे राहायला आलं. घर आजही मूळ जागेवर आहे, आणि १९४६ मध्ये त्यांच्या आई वारल्या तेव्हाचं सामान आत आहे. एवढ्याशा खोल्यांतून सहा मुलगे वाढले, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं म्युझियम वेगळं दिसू लागतं.

जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांनी केलेली चढाई फसली तर काय जाहीर करायचं, याची आयझेनहॉवरनी आदल्या दिवशी स्वतः लिहून ठेवलेली चिठ्ठी इथल्या संग्रहात आहे. ती सावकाश वाचा. ताणात जूनऐवजी ५ जुलै अशी तारीख पडली आहे. ‘सैन्य माघारी घेण्यात आलं आहे’ हे खोडून त्यांनी ‘मी सैन्य माघारी घेतलं आहे’ असं केलं, आणि चूक असेल तर ती फक्त माझी, असं शेवटी लिहिलं. या चिठ्ठीसाठी वाट वाकडी करावी, असं आमचं ठाम मत आहे.

शेवटी समाधीस्थळी जा. आयझेनहॉवर, त्यांच्या पत्नी मेमी आणि स्कार्लेट फीव्हरने तिसऱ्या वर्षी गेलेला त्यांचा मुलगा, तिघेही तिथे आहेत.

रात्रीसाठी पूर्वेला जंक्शन सिटीजवळ मिलफर्ड लेक सोयीचा. आर्मी कोअरच्या (लष्कराच्या अभियंता विभागाच्या) कॅम्पग्राउंडवर, म्हणजे गाडी लावून राहायच्या जागेवर, ज्येष्ठांसाठीच्या सरकारी सीनियर पासने निम्मे पैसे पडतात. ग्रीन कार्ड असलेले, ६२ किंवा त्याहून जास्त वयाचे आईबाबा बरोबर असतील तर तो पास त्यांच्या नावावर मिळतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३६०० वॅटच मिळतात. एसी सुमारे १५००, इंडक्शन १८०० आणि विजेवरचा गीझर १४०० वॅट खातो. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. भात-आमटी होईपर्यंत गीझर गॅसवर ठेवा.