तुम्ही विचारलंत म्हणून: सणाचं नाव न घेता थंडीची गाणी

आमच्या पुरुषांच्या कॉयरचा, म्हणजे समूहगायन पथकाचा, डिसेंबरचा कार्यक्रम संपला की कोणी ना कोणी जवळ येऊन विचारतंच, "नाताळचं एकही भक्तिगीत नाही, तरी हिवाळ्याचा कार्यक्रम वाटला. ही गाणी तुम्ही शोधता कुठे?" दुसऱ्या कॉयरचे संचालक हेच नेमकेपणाने विचारतात. फक्त पुरुषांचे आवाज, धर्माशी संबंध नाही, विषय थंडीचा आणि शक्यतो आजच्या काळातली रचना, एवढ्या अटींत बसणारं काही असतं का? असतं. पण ते सापडायला मला काही वर्षं लागली, कारण मी आधी चुकीच्या जागी शोधत होतो.

सुरुवात एका गायकापासून झाली. दुसऱ्या बासच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या, रांगेत उभा राहणारा, स्वराचा पक्का माणूस. एका वर्षी तालमीत माझ्या लक्षात आलं की काही ठरावीक धार्मिक ओळींना तो तोंड उघडतो, पण आवाज काढत नाही. नंतर शांतपणे म्हणाला, "या ओळी माझ्या नाहीत. सूर माझा आहे, म्हणून उभा राहतो." त्याची काही तक्रार नव्हती. मला मात्र रात्रभर ते वाक्य छळत राहिलं. कॉयरमध्ये श्वाससुद्धा सगळे मिळून ठरवून घेतात. तिथे एका माणसाने दर तिसऱ्या ओळीला बाजूला व्हायचं, हे मला सोसेना.

मग मी जे बहुतेक जण करतात तेच केलं. जुनी यादी घेतली, त्यातली धार्मिक गाणी खोडली आणि उरलेली ठेवली. घुंगरांच्या घसरगाडीचं ते जगभर पाठ असलेलं गाणं, 'जिंगल बेल्स', जेम्स लॉर्ड पिअरपॉन्टने 1857 साली छापलं, तेव्हा त्यात नाताळचा उल्लेख नव्हता; आजही नाही. 'विंटर वंडरलँड' 1934 चं, त्यातही नाही. 'लेट इट स्नो' सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी 1945 च्या जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिलं, त्यातही सणाचं नाव नाही. 'स्ले राइड'मध्ये तर वाढदिवसाची मेजवानी आहे! शब्दांकडे पाहिलं तर सगळी निव्वळ थंडीची गाणी. पण ऐकणाऱ्याला पहिल्या काही सुरांतच सजवलेली दुकानं दिसतात. त्यातलं एखादं मी अजूनही कार्यक्रमात ठेवतो, लोक आनंदाने ठेका धरतात आणि तो आनंद खरा असतो. तरी अशा दहा गाण्यांचा कार्यक्रम केला तेव्हा तो सणातून काहीतरी काढून घेतल्यासारखा पोकळ वाटला.

त्यानंतर मी सण बाजूला ठेवला आणि हिवाळ्याकडे बघायला लागलो. लवकर पडणारा काळोख, बंद दारं, वाट बघणं, घरी परतणारा माणूस, सरतं वर्ष. आणि जाणवलं की हे सगळं पुरुषांच्या एकत्र आवाजात आधीपासूनच आहे. स्त्री-पुरुषांच्या मिश्र कॉयरला साधारण साडेतीन सप्तकांची जागा मिळते, आम्हाला अडीचच. दोन टेनर (वरचे आवाज), बॅरिटोन (मधला) आणि बास (खालचा) त्या अरुंद जागेत खांद्याला खांदा लावून उभे असतात. आवाजाला जी ऊब येते ती या दाटीमुळेच, आणि अडचणही तिथेच आहे.

ती अडचण सविस्तर सांगतो, कारण गाणी निवडताना याच्याइतकी दुसरी कुठलीच गोष्ट उपयोगी पडलेली नाही. मिश्र आवाजांची रचना घ्यायची, सगळं खाली उतरवायचं आणि पुरुषांना द्यायची, हे मी केलं आहे. ऐकताना चिखलात चालल्यासारखं वाटलं. कारण कानाच्या घडणीत आहे. वरच्या सप्तकात षड्ज आणि गंधार एकत्र लावले की गोड लागतात. तेच खर्जात, समजा 100 आणि 125 हर्ट्झवर लावले, तर दोन्हींतलं अंतर इतकं कमी असतं की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, नुसती घरघर होते. म्हणून खालच्या दोन आवाजांत पंचमाचं किंवा सप्तकाचं अंतर ठेवायचं आणि दाट स्वरसंगती वर, टेनरकडे न्यायची. नवी स्वरलिपी हातात आली की मी सगळ्यात आधी तळाच्या दोन ओळी बघतो. तिथे मोकळी जागा दिसली की समजतो, हे पुरुषांसाठीच लिहिलेलं आहे.

आता गाणी. मला सगळ्यात जवळचं आहे 'श्चेड्रिक'. मिकोला लिओंतोविच या युक्रेनी संगीतकाराची ही रचना 1916 साली कीव्हमध्ये पहिल्यांदा गायली गेली आणि 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोहोचली. 1936 साली पीटर विल्हाउस्कीने तिला घंटांचे आणि नाताळचे इंग्रजी शब्द दिले आणि जगाने तेच पाठ केलं. मूळ शब्दांत घंटा नाहीत. एक पाकोळी उडत घरी येते आणि धन्याला हाक मारते: बाहेर ये, गोठ्यात बघ, कोकरं जन्मली आहेत, वर्ष भरभराटीचं जाईल. नव्या वर्षाच्या शुभेच्छेचं लोकगीत आहे ते. सगळी रचना चार स्वरांच्या एका तुकड्यावर उभी आहे. तो तुकडा थांबत नाही आणि खालून एकेक आवाज येऊन मिळत जातो. मूळ युक्रेनी शब्दांत ते बसवायला आम्हाला सहा आठवडे लागले. पहिल्यांदा ते सबंध गायलं तेव्हा ज्या ओळखीच्या चालीत आम्ही इतकी वर्षं घंटा ऐकत होतो, तिच्यात पंख फडफडायला लागले.

एस्टोनियाचा संगीतकार वेल्यो टॉर्मिस याचं 'एस्टोनियन कॅलेंडर साँग्ज' हे दुसरं. 1966-67 मध्ये त्याने वर्षभरातल्या लोकरीतींची जुनी गाणी घेऊन ही मालिका रचली आणि त्यातली नोव्हेंबरच्या मार्टिन दिवसाची गाणी पुरुषांच्या कॉयरला दिली. दिवसाला नाव संताचं, पण रीत शेतकऱ्यांची: सोंगं घेतलेली मंडळी अंधारात दारोदार जातात, बोटं गारठली म्हणून आत घ्या असं विनवतात आणि आत घेतलं की घराला आणि पिकाला आशीर्वाद देतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी जास्त हट्टाने. बसवायला सोपं नाही, भाषा जिभेवर बसत नाही. पण पुरुषांचा घोळका दार ठोठावतो आहे हे ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची, बर्फाच्या संध्याकाळी घोड्यासह रानाशेजारी थांबलेल्या वाटसरूची कविता 1923 ची. संगीतकार रँडल थॉम्पसनने 1959 साली मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावाच्या द्विशताब्दीसाठी फ्रॉस्टच्या कवितांवर गाण्यांची मालिका केली, त्यात ही कविता त्याने नेमकी पुरुषांच्या आवाजांना दिली. पडत्या बर्फासारखी एकसुरी साथ आणि तिच्यावर कुठेही न चढणारे आवाज. नव्या गायकांना मी पहिल्यांदा हेच देतो, कारण यात मोठ्याने गाऊन लपायला जागा नाही.

याच कवितेला एरिक व्हिटॅकर या अमेरिकन संगीतकारानेही चाल लावली होती, पण फ्रॉस्टच्या हक्कदारांकडून परवानगी मिळाली नाही. मग कवी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्त्रीने त्याच वजनात, त्या चालीवर बसणारे झोपेबद्दलचे नवे शब्द लिहिले आणि ती रचना 'स्लीप' म्हणून जगभर गेली. अमेरिकेत फ्रॉस्टची ती कविता 1 जानेवारी 2019 पासून हक्कमुक्त आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण उत्साहाच्या भरात आधी चाल आणि मग परवानगी असं बरेच जण करतात. कवितेचे हक्क कोणाकडे आहेत ते पहिल्या दिवशी बघा. आणि छापील स्वरलिपी जितके गायक तितक्या प्रती विकत घ्या. झेरॉक्सवर कॉयर चालवलं तर पुढचं गाणं कोण लिहील?

पुरुषांच्या आवाजात एका गोष्टीची उणीव असते ती चमक. तासभर नुसता खालचा आवाज ऐकला की कान जडावतो. लॅटव्हियाचा संगीतकार एरिक्स एशेनवाल्ड्स याने कवयित्री सारा टीसडेलच्या ताऱ्यांच्या कवितेवर 'स्टार्स' ही रचना केली, तिच्यात गायक पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरून ओलं बोट फिरवतात. तो आवाज ऐकल्यापासून मी प्रत्येक कार्यक्रमात वर काहीतरी ठेवतो: पेले, हातघंटा, एखादी बासरी किंवा व्हायोलिन. वर थोडा उजेड असला की खालचा काळोख जास्त खोल ऐकू येतो.

अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या कॉयरचंही ऋण इथे मानायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोचं अशा प्रकारचं कॉयर लोकांसमोर पहिल्यांदा गायलं ते 27 नोव्हेंबर 1978 च्या रात्री, उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली त्या दिवशी, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर. त्यानंतर गावोगाव अशी कॉयर उभी राहिली. त्यांच्यातल्या अनेकांना धर्मसंस्थांनी दूर लोटलेलं होतं, तरी डिसेंबरात एकत्र उभं राहून गायची गरज इतरांइतकीच होती. म्हणून त्यांनी सतत नव्या रचना लिहून घेतल्या. आज पुरुषांच्या आवाजासाठी जे नवं लिहिलं जातं, त्यातला मोठा वाटा अशा कॉयरमुळे आहे.

आम्हीही आता दुसऱ्या दोन कॉयरबरोबर खर्च वाटून घेऊन एक रचना लिहवून घेत आहोत. कविता इंग्रज कवी थॉमस हार्डीची, 1900 च्या डिसेंबरात छापलेली: गोठलेलं माळरान, सरतं शतक, आणि उदास संध्याकाळी एक म्हातारा, वाऱ्याने पिसं विस्कटलेला कस्तूर पक्षी अचानक जीव ओतून गायला लागतो. रचना करणाऱ्या तरुण संगीतकार मुलीने पहिला मसुदा पाठवला आहे. माळरान सगळं बासमध्ये आहे, खाली हवी तशी मोकळी जागा ठेवून. पक्ष्याची जागा मात्र कोरी आहे आणि शेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह. तिने विचारलं आहे, "याला कोण गाणार? फॉल्सेटोमधला, म्हणजे पुरुषाच्या बारीक उंच आवाजातला, एखादा टेनर, की व्हायोलिन?" मी तिला कळवलं की दुसऱ्या बासमधला आमचा एक माणूस शीळ फार सुरेल घालतो. येत्या मंगळवारच्या तालमीला ती ऐकायला येते आहे.