शिनोळीला असतो तर मुंबई, येळ्ळूरला म्हणून बंगळूर

लेक आर्किटेक्चरच्या मास्टर्सला स्टुटगार्टला गेली, त्याला आता तीन महिने झाले. तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबागेत चहाला बसलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "जर्मनीत फी नसते म्हणे. मग तुमचं फुकटातच झालं की!"

फुकटात काय झालं ते सांगतो. माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे कोटेशन वाचायची सवय आहे. कोटेशनात मटेरिअल आणि लेबर दिसतं. वाहतूक, वेस्टेज आणि पार्टीने अडकवून ठेवलेले पैसे दिसत नाहीत, आणि माणूस बुडतो तो त्यातच. परदेशी शिक्षणाचंही तसंच निघालं.

आधी फीचं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. चार सेमिस्टरचे सहा हजार युरो. वर दर सेमिस्टरला दोनशेच्या आसपास प्रशासन आणि विद्यार्थी-सेवेचे. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही तिच्या यादीत होतं, पण तिथे २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो लावलेत, म्हणून ते खोडलं. तेव्हा 'जर्मनी' एवढं ऐकून खूश होऊ नका. राज्य कुठलं आणि विद्यापीठ कुठलं, ते बघा.

कागदांसाठी पहिली खेप पुण्याची. आमची मुलगी बेळगावात मराठी शाळेत शिकली. दहावी-बारावी कर्नाटक बोर्डाची. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिच्यातून पुण्याला बी.आर्क. झालं. म्हणजे शाळेचे कागद एका राज्याचे, पदवीचे दुसऱ्या. त्यात नावाचा घोळ. आमच्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी नाव, मग बापाचं नाव, आडनाव शेवटी. पुण्याच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं. पासपोर्टवर आणखी तिसरीच तऱ्हा. ही तिन्ही माणसं एकच आहेत, असं शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली. तो कागद पुढे चार ठिकाणी लागला. ज्यांची मुलं आत्ता तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहेत त्यांनी हे काम आजच करून टाकावं.

पुण्यातच एका एजंटाने पदवीला अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का, करून देतो म्हणून सहा हजार घेतले. शिक्का आला, सुरेख होता. उपयोग शून्य. भारताचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही. त्यांना लागतं एपीएसचं प्रमाणपत्र. दिल्लीत त्यांचा कागद तपासणारा विभाग आहे आणि भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. त्याचे १८ हजार. इंग्रजीच्या परीक्षेचे सतराएक हजार. अर्ज युनि-असिस्टमधून, म्हणजे जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज घेणाऱ्या संस्थेतून, असतील तर पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. तिने चार केले, १६५ युरो. मुलगी अजून घरातच आहे आणि अर्धा लाख गेले होते. नकार आला तरी यातला एक पैसा परत येत नाही.

दुसरी खेप बँकेची. अंतर दोन किलोमीटर, दिवस सगळ्यात जास्त. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की बहुतेक सरकारी बँका तारण मागतात. बेळगावजवळ येळ्ळूरला आमची दोन एकर भातशेती आहे, बासमती लागते. मी ऐटीत उतारा पुढे केला. साहेबांनी बघितलाही नाही. शेतजमीन चालत नाही. एनए झालेली जागा, घर किंवा ठेव आणा. घर गावठाणातलं, आजोबांच्या नावावर, वारस सात. शेवटी मोडण्यासारखी एक ठेव होती ती मोडली, थोडं सोनं ठेवलं, आणि कर्ज न काढताच पहिलं वर्ष उभं केलं. हे बरोबर केलं असं नाही, सोपं पडलं म्हणून केलं. तुमच्याकडे स्वच्छ कागदाचं घर असेल तर प्रवेशाची वाट न बघता ईसी (जागेवर बोजा आहे-नाही याचा दाखला) काढायला टाका आणि वकिलाचं सर्च सुरू करा. आपल्याकडचे जुने कागद कन्नडात, त्यामागचे मोडी लिपीत. वाचणारा माणूस मिळेपर्यंतच महिना जातो.

आता अडकून पडणारे पैसे. जर्मन व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. आमच्या वेळी रक्कम ११,९०४ युरो. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे ते तुमचेच तुम्हाला मिळतात. ज्या दिवशी पैसे पाठवले त्या दिवशी मोबाइलवर युरो १०० रुपये १० पैसे दिसत होता, बँकेने लावला १०१ रुपये ६०. दीड रुपयात काय होतं असं वाटलं. गुणाकार केला तर १७,८५६ रुपये. ह्याला पावतीत 'शुल्क' म्हणत नाहीत, म्हणून तो डोळ्यावर येत नाही. दोन-तीन ठिकाणी दर विचारा, लाजू नका. लोखंड घेताना आपण लाजतो काय?

त्याच टेबलावर आणखी एक गंमत झाली असती. एप्रिल २०२५ पासून नियम असा की एका पॅनवरून वर्षात दहा लाखांच्या वर बाहेर पैसे पाठवले की वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. आमच्या वेळी, म्हणजे २०२५ मध्ये, कारण 'शिक्षण' असेल तर पाच टक्के होते, नाहीतर वीस. काउंटरवरच्या पोराने फॉर्मवर 'नातेवाइकाचा निर्वाह' असा कोड टाकला होता. मुलगी शेजारी होती, तिने बोट ठेवलं. आमची रक्कम बारा लाख नऊ हजार, म्हणजे वरचे दोन लाख नऊ हजार. पाच टक्क्यांनी साडेदहा हजार, वीसने जवळजवळ बेचाळीस हजार. विवरणपत्र भरल्यावर हे पैसे हिशेबात मिळतात, पण तोवर ते सरकारकडे. पहिल्या सेमिस्टरची फी मात्र आम्ही तिच्या आईच्या पॅनवरून पाठवली, तिथे काही कापलं नाही. सगळी रक्कमच दोघांत वाटली असती तर टीसीएस लागलाच नसता. हे आम्हाला नंतर सुचलं, तुम्ही आधी करा. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्या पैशावर टीसीएसच नाही.

तिसरी खेप व्हिसासाठी बंगळूरची, आणि सगळ्यात रागाची. पत्ता कर्नाटकाचा म्हणून आमची जर्मन वकिलात बंगळूरची. वेंगुर्ला रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर गेलं की शिनोळी, ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथला पोरगा मुंबईला जातो. आम्ही पाचशे किलोमीटर खाली. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, जर्मन लोक त्यासाठी थांबत नाहीत. खरं तर ती पुण्यात दोन वर्षं नोकरीला होती, तिथला भाडेकरार आणि राहिल्याचा पुरावा नीट ठेवला असता तर मुंबईला अर्ज करायचा विचार तरी करता आला असता. करार मैत्रिणीच्या नावावर होता. विषय संपला.

जायचं कसं? राणी चेन्नम्मा रात्रभरात पोचवते, पण आम्हाला तिकीट मिळालं नाही. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून सुटते. पहाटे निघून दुपारी पोचते, म्हणजे सकाळच्या अपॉइंटमेंटला उपयोग नाही, परतीला बरी. आम्ही स्लीपर बसने गेलो. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधचे, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीचे, दिवे दिसले. लेक म्हणाली, "बाबा, वर्षातून दहा-पंधरा दिवस अधिवेशन, आणि इमारत बघा केवढी." २०१२ ला उद्घाटन झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती, शाळेच्या वहीत तिचंच चित्र काढलं होतं. मी आठवण करून दिली नाही.

बंगळुरात पहाटे उतरल्यावर मॅजेस्टिक बसस्टँडजवळ चार तासांची खोली घेतली. अंघोळ, इस्त्रीचे कपडे, फायलीची पुन्हा मांडणी. हे पैसे वाचवू नका. व्हिसा केंद्राच्या आत फक्त अर्जदाराला सोडतात, मोठी बॅग चालत नाही. मी बाहेर फुटपाथवर बॅग घेऊन. माझं कन्नड धारवाडी वळणाचं, चहावाला हसला आणि म्हणाला, उत्तर कर्नाटकवाले का? म्हटलं होय. बेळगावात मराठी, पुण्यात बेळगावचा, इथे उत्तर कर्नाटकवाला.

पाऊण तासात ती तोंड पाडून बाहेर. विमान २२ सप्टेंबरचं, विद्यार्थी आरोग्य विमा १ ऑक्टोबरपासून. मधल्या नऊ दिवसांचा विमा कुठाय? चेकलिस्टमध्ये ती ओळ होती, आम्ही दोघांनीही वाचली होती. फुटपाथवर उभ्यानेच मोबाइलवरून प्रवास विमा काढला, शेजारच्या दुकानात प्रिंट मारली. पानाला दहा रुपये. त्या दुकानदाराला आमच्यासारखेच रोज मिळत असणार. त्याने विचारलंसुद्धा, "इन्शुरन्स की फोटो?" व्हिसाची फी ७५ युरो, वर केंद्राचं शुल्क. बस, खोली, जेवण, रिक्षा धरून दोघांचे आठ हजार गेले.

दुपारी वेळ होता म्हणून ती मला बन्नेरघट्टा रोडला घेऊन गेली, आयआयएम बघायला. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं काम. गेटवरूनच परतलो, पण दगडाची भिंत बाहेरून बघून घेतली. दोशी पुण्यात जन्मले, १९५१ मध्ये पॅरिसला ल कोर्बुझिए या मोठ्या आर्किटेक्टकडे गेले, तिथे सुरुवातीचे काही महिने बिनपगारी राबले, आणि २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचा सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला, असं ती सांगत होती. मी विचारलं, ते बिनपगारी महिने खाल्लं काय त्यांनी? तिला माहीत नव्हतं.

आता तिथलं, तिच्या फोनवरून कळलेलं. वसतिगृहाला प्रतीक्षायादी, म्हणून तीन मुलींत फ्लॅट, तिच्या वाट्याला ५२० युरो. आरोग्य विमा १४५ च्या आसपास. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घराला महिना १८.३६, टीव्ही असो नसो. तिघींत ६.१२. ९९२ मधून उरतात ३२० युरो. त्यात खाणं, प्रवास, फोन आणि मॉडेल, म्हणजे इमारतीची छोटी प्रतिकृती. मॉडेलचा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. राखाडी पुठ्ठा, बाल्सा लाकूड, प्लास्टर, मोठ्या शीटच्या प्रिंट. एका जूरीसाठी (परीक्षकांपुढे काम मांडायचं ते) तीन मॉडेलं, दोन फेकायची. लेझर कटरला नंबर लावावा लागतो, नंबर नाही लागला तर रात्रभर हाताने कटिंग. सॉफ्टवेअरपैकी ऑटोकॅड-रेव्हिट विद्यार्थ्यांना फुकट, ऱ्हायनोचं विद्यार्थी लायसन्स पैसे देऊन घ्यावं लागतं. जाताना मी वर्कशॉपमध्ये तिला एक फूटभराची स्टेनलेस पट्टी ग्राइंड करून दिली होती, कड काटकोनात, वजन चारशे ग्रॅम. चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतील. वर्गातल्या तिघी ती पट्टी मागून नेतात म्हणे.

पोचल्यावरचा पहिला महिना सांभाळा. शहरात नावनोंदणी, मग तिथलं बँक खातं, मग बंद खात्यातले पैसे सुटतात. तोवर घरमालकाला डिपॉझिट द्यायचं असतं, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत. तिच्याकडे कार्डावर वेगळे पंधराशे युरो होते म्हणून निभावलं, तेही काठावर.

काम करून भागवता येतं का? वर्षाला १४० पूर्ण दिवस परवानगी आहे. पण स्टुडिओ चालू असताना आठवड्यातून एक दिवससुद्धा तिला जड जातो, आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात जर्मनशिवाय उभं करत नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीतला असला तरी जर्मन इथूनच शिकून जा. पुढे तिथे 'आर्किटेक्ट' म्हणून नाव लावायचं तर तिथल्या आर्किटेक्टांच्या चेंबरची नोंदणी लागते, त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव. आणि इकडच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी जायच्या आधी करून घ्या. ती बी.आर्क.वर मिळते, बाहेरच्या नुसत्या मास्टर्सवर नाही. पुण्यात तिला २२ हजार पगार होता, ती परत आली तर किती मिळेल याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

दोन वर्षांचं बंद खातं, फी आणि दर सेमिस्टरचे ते दोनशे धरून तीस हजार सहाशे युरो. जुलै २०२५च्या दराने एकतीस लाख. दुसऱ्या वर्षी तिथे राहायच्या परवान्याला पुन्हा तेवढेच पैसे दाखवायचे आहेत. पूर्वी सकाळी वर्कशॉप उघडलं की आधी स्क्रॅपचा भाव बघायचो. आता आधी युरो बघतो. हे लिहिताना तो १०५ आहे. मागच्या वेळच्या दरापेक्षा तीन रुपये चाळीस पैसे वर, म्हणजे वर्षाच्या रकमेला चाळीस हजार जास्त. रात्री फोनवर तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी तर आज फक्त भात-वरण केलं."

येळ्ळूरचाच तांदूळ आहे, पाच किलो नेला होता. तो संपत आलाय.