हेमाएयवरची दुपार

आइसलँडच्या टूरवर ग्रुपचा डोळा असतो तो गुलफॉस धबधब्यावर आणि गीझरच्या उसळत्या गरम झऱ्यांवर. वेस्टमन बेटांचं नाव काढलं की पहिला प्रश्न, "पफिन पक्षी दिसतील ना?" टूर मॅनेजर म्हणून मला मात्र त्यातल्या हेमाएय बेटाचीच जास्त ओढ, आणि गेल्या जुलैतल्या त्या दुपारनंतर तर विचारूच नका.

तिथलं एल्डहेमार संग्रहालय राखेतून उकरून काढलेल्या एका घराभोवतीच बांधलंय. २३ जानेवारी १९७३ला रात्री दोनच्या सुमारास गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि लाव्हा उसळला. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून मासेमारीच्या बोटी नेमक्या बंदरात होत्या. पाच हजारांच्या वस्तीतली बहुतेक माणसं त्यांतूनच रातोरात बाहेर पडली. जवळपास चारशे घरं गेली.

त्या घरापाशी आमच्या साताऱ्याच्या काकू थबकल्या. स्थानिक गाइड त्या रात्री दहा वर्षांची होती. काकू मला म्हणाल्या, "तिला विचार गं, निघताना काय घेतलंस?"

"शाळेचं दप्तर," गाइड म्हणाली. "आणि मग बोटीत चार तास नुसत्या उलट्या."

"आम्हाला तेवढीही उसंत नव्हती," काकू म्हणाल्या. "कोयनानगर, १९६७चा डिसेंबर. अण्णा धरणावर नोकरीला. पहाटे भूकंपात घरच अंगावर आलं."

मी एकीचं दुसरीला सांगत राहिले. बाकीची मंडळी भोवती गोळा झाली.

"मग परत का आलात इथं?" काकूंनी विचारलं. गाइडनं त्यांना बाहेर नेऊन बंदर दाखवलं. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला होता. त्यावर पंपांनी सतत समुद्राचं पाणी मारून लोकांनी तो थिजवला. जुलैत उद्रेक थांबला तेव्हा बंदर शाबूत होतं, उलट लाव्ह्याच्या नव्या भिंतीमुळे त्याला चांगला आडोसा मिळाला. "बंदर राहिलं, म्हणून मासेमारी राहिली. मग घरचे परतले."

"आमचंही तेच," काकू म्हणाल्या. "धरण तिथंच, अण्णांची नोकरी तिथंच. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, पण कोयना सोडली नाही."

दोघी इतका वेळ बोलत बसल्या की एल्डफेल, म्हणजे त्या रात्री जन्मलेला डोंगर, चढायचा राहून गेला. परतीची बोट गाठायची होती. ऑफिसला मी कळवून टाकलंय, हेमाएय अर्ध्या दिवसात उरकायचं ठिकाण नाही, पुढच्या टूरला तिथं मुक्काम द्या.