रहस्यकथेतला फाल्गुनराव

सार्वजनिक वाचनालयातून रहस्यकथा आणणाऱ्या प्रत्येकाला एका अज्ञात सहवाचकाचा जाच कधी ना कधी सोसावा लागतो. पुस्तक घरी आणून निवांतपणे उघडावे, आणि बंगल्यात जमलेल्या पाहुण्यांची ओळख जिथे करून दिलेली असते, नेमके तिथे एका नावाखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढून समासात ‘हाच खुनी’ असे लिहिलेले आढळावे. सांगलीत माझ्या वाट्याला अशी पुस्तके बरीच आली. एका प्रतीत तर त्या शेऱ्याखाली दुसऱ्या कोणीतरी ‘साफ चूक’ असे लिहून हरकत नोंदवली होती. वैताग येतो हे खरे. तथापि खुनी कळला की पुस्तक वाया गेले, असे मी मानत नाही. तसे मानणाऱ्यांच्या पदरात रहस्यकथेचा अर्धाच आनंद पडतो, असे माझे मत आहे.

हे मला ॲगाथा ख्रिस्तीपेक्षा गोविंद बल्लाळ देवलांमुळे अधिक नीट उमगले. देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांच्या ‘संशयकल्लोळ’ या नाटकात खून नाही, दरोडा नाही, पण सगळी यंत्रणा रहस्यकथेचीच आहे. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते, ती तिच्या हाती असताना फाल्गुनरावाच्या दृष्टीस येते, आणि तेवढ्या पुराव्यावर तो संशयाचा इमला रचत जातो. गंमत अशी की फाल्गुनराव बुद्धीने मंद नाही. तसबीर खरी आहे, ती बायकोच्या हाती होती हेही खरे आहे, आणि त्याचा तर्कही आपल्या जागी बिनतोड आहे. फक्त पहिले गृहीत चुकलेले आहे. प्रेक्षकाला तसबिरीची सगळी हकिकत ठाऊक असते आणि त्याच्या हसण्याचे मूळही तिथेच असते. रहस्यकथेत लेखक ही मांडणी उलटी करतो. तसबीर तो वाचकाच्या हाती देतो आणि फाल्गुनराव होण्याची पाळी वाचकावर आणतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र आपण प्रेक्षकांत जाऊन बसतो, आणि पहिल्या खेपेला आपली कशी फजिती झाली ते सावकाश पाहतो.

ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी, 1920 साली प्रसिद्ध झालेली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होत्या, त्यामुळे त्यातील विषप्रयोग इतका काटेकोर उतरला की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने त्याची वाखाणणी केली. परंतु मला मोह पडतो तो दुसऱ्याच एका तपशिलाचा. (कादंबरी वाचायची राहिली असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) कादंबरीतला गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो हा टापटिपीचा अतिरेक करणारा गृहस्थ. मृत बाईंच्या खोलीत चित्त अस्वस्थ असताना तो शेकोटीवरच्या फळीवरील वस्तू नीट रांगेत लावतो. आपण मनात म्हणतो, काय विक्षिप्त माणूस आहे! आणि पुढे जातो. वास्तविक त्या वस्तू त्याने त्याच दिवशी सकाळी सरळ करून ठेवल्या होत्या. मग त्या पुन्हा वाकड्या कशा झाल्या? मधल्या वेळात कोणाचा तरी हात तिथे गेला होता, आणि तिथल्याच एका भांड्यात महत्त्वाचे पत्र दडवले होते. धागा सर्वांच्या समोर ठेवलेला होता. त्यावर विनोदाचे पांघरूण होते, एवढेच. विशेष म्हणजे स्वतः पॉयरोच्याही तो लगेच ध्यानात येत नाही, मित्र हेस्टिंग्ज सहज बोलून जातो तेव्हा येतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना मी त्या फळीपाशी हटकून थांबतो.

1929 साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. वाचकाला दाखवला नाही असा धागा गुप्तहेराने वापरू नये, एकाहून अधिक चोरवाटा ठेवू नयेत, पूर्वसूचना न देता जुळी भावंडे आणू नयेत, असे त्यांचे स्वरूप होते. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हे नियम वाचले असते तर ते मनमुराद हसले असते, असे मला वाटते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला चोरवाटा मोजत बसायला सवड कुठली? धनंजय आणि छोटू, झुंजार आणि विजया यांच्या कथांत वेग, वेषांतर आणि धाडस यांचेच राज्य आहे. अर्नाळकर वाचकाला फाल्गुनराव करत नाहीत, ते त्याला छोटू करतात. त्याने धनंजयामागून धावावे आणि उत्तर धनंजयाने सांगितले की थक्क व्हावे. या सुखाला मी कमी लेखत नाही, कारण त्यानेच कित्येक घरांत वाचनाची गोडी लावली. तरी पुढच्या लेखकांनीही धाग्यांपेक्षा धावपळीवरच अधिक भिस्त ठेवली, ही माझी तक्रार आहे. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप तर पिंडानेच साहसवीर. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास मात्र वकील असल्यामुळे त्याला निदान पुरावा लोकांसमोर मांडावा तरी लागतो, म्हणून त्याच्या कथा मला अधिक जवळच्या वाटतात.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही 2005 सालची कादंबरी तर पेन्सिलवाल्या वाचकाचे कामच काढून घेते. खून कोणी केला, कसा केला आणि का केला, हे सगळे पहिल्याच काही पानांत आपल्या डोळ्यांदेखत घडते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक खून करणाऱ्या मायलेकींना वाचवायला पुढे सरसावतो आणि पोलीस चाचपडत राहतात. आपण ‘संशयकल्लोळा’च्या प्रेक्षकासारखे निश्चिंत असतो, कारण आपल्याला सर्व ठाऊक असते, निदान तसे वाटते. त्या शिक्षकाने पोलिसांबरोबर आपल्यालाही कोणती तसबीर दाखवली होती, ते मात्र मी इथे लिहिणार नाही, आणि ज्यांच्या हाती वाचनालयाची प्रत पडेल त्यांनीही कृपा करून समासात लिहू नये.